खजुराऐवजी

खडकी, मंगळवार

प्रिय अलफिया,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षराला हसू नकोस. पहिली खबर ही की काल तुझे दादा माझ्यावर खेकसले! हा चहा आहे की आंघोळीचं पाणी, म्हणाले. मला इतका आनंद झाला, ओट्याशी उभी राहून रडले. आठवडाभर हा माणूस मला विचारत होता, बाई, आपण कोणाकडे आलात? इतक्या वर्षांच्या संसारात मला 'आपण' म्हणाले ते तेव्हाच.

रोजे बरे चाललेत. शेजारची दीपाली रोज पुदिना आणून देते आणि दारातूनच परत जाते. कात्रजच्या तिच्या माहेरच्या झाडाची कमरखं, ती चांदणीसारख्या फोडींची आंबट फळं, तिनेच आणून दिली होती ना, तिच्याही डोळ्यांचं पाणी खळत नाही. मी म्हटलं, अगं, आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? डायलिसिसवाल्याला खजूर नको, केळं नको, शहाळं नको, हे तू पाठ केलेलंस. म्हणून तर इफ्तारला दादांना खजुराऐवजी कमरखाच्या फोडी कापून दिल्यास तू. तेही काय खूश! आपणही खाल्ल्या की. आपल्याला काही झालं नाही. त्यांना मात्र उचकी लागली ती थांबेना, सकाळी माणसं ओळखेनात, मग झटका आला.

डॉक्टर म्हणाले, कमरखात एक विष असतं, धडधाकट माणूस ते पचवून बाहेर टाकतो, यांच्या अंगात ते साठतं आणि मेंदूवर जातं. ते ऐकून तू जी भिंतीला टेकलीस, ती तशीच दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची गाडी धरून हॉस्टेलला गेलीस. त्यांना न भेटता. मी अडवलं नाही. तेव्हा ते उठतील की नाही, हेच माहीत नव्हतं. आता उठलेत, चालतात, तुझ्या बापाला, अल्ताफला, गाडी नीट लाव म्हणून ओरडतात. त्याचाही चेहरा खुललाय.

खरं सांगू, हे पत्र त्यांनीच लिहायला लावलंय. त्या सकाळचं त्यांना एवढंच आठवतं, कोणी पोरगी कपाळावर हात ठेवत होती, तिला त्यांनी जोरात ढकललं. ती तू होतीस, हे अल्ताफ बोलून गेला. तेव्हापासून घास उतरत नाही त्यांना. त्यांना वाटतंय, त्या धक्क्यानेच तू रुसून गेलीस. फळाचं आम्ही सांगितलेलं नाही, ते तू तुझ्या तोंडाने सांग. मला रोज विचारतात, मी पोरीला अजून काय काय बोललो गं? आत्ता इथंच खुर्चीत बसलेत, वाचू नये म्हणून चष्मा मी लपवलाय. त्यांना अजून पेन धरवत नाही. म्हणतात, लिही, ईदला ये म्हणावं, मला तिची माफी मागायचीय.

तुझीच,
दादी