पाचवा उद्गार

लातूर,
१४ एप्रिल १९८३

विहीणबाई पंचफुलाबाई यांना सलोमीचा सलाम, आणि आजच्या दिवसाचा जयभीम. व्याही ग्यानोबा यांनाही. पत्र तेच वाचून दाखवत असतील, म्हणून त्यांना आधीच सांगते: माझं अक्षर चांगलं आहे. चष्म्याचं निमित्त करून मधलं काही गाळू नका.

तुमच्या नातीचं पहिल्यांदा लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पंचशीला बरी आहे. दूध पिते. काल माझा चष्मा ओढला आणि काडी चावून पाहिली. खालचा दात दिसायला लागला आहे. पंढरीने तुम्हाला कार्डावर ‘थोडं पोट बिघडलं होतं’ असं कळवलं. ते वाक्य मी त्याला सांगितलं होतं. त्यातलं ‘थोडं’ खरं नाही. पण त्यावर येते मी, घाई करू नका.

मार्चात तुम्ही तिला न्यायला आलात आणि रिकाम्या हाताने परत गेलात. लेकरू कोणी वाढवायचं हा प्रश्न तिथे मिटला, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. तो मिटलेला नाही. तुम्हालाही ते ठाऊक आहे. तुम्ही बोलत नाही इतकंच.

इथली खबर म्हणाल तर आम्ही आता जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, वेगळा जिल्हा झाल्यापासून आठव्या दिवशी येतं. मानाचं स्थान मिळालं की माणसाने कमी दिसावं, असा नळाचाही समज असेल. कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत आहेत. कोणत्या खोलीत कोणता साहेब, हे शिपायालाही विचारून सांगावं लागतं. तुमचा पंढरी तिथेच टँकरच्या फेऱ्या लावतो. सोमवारी जीपने जातो, तो शनिवारी धुळीने पांढरा होऊन येतो. आज जयंतीपुरता आला, सकाळी मिरवणुकीत गंजगोलाईच्या चौकापर्यंत चालला आणि तिथूनच जीपमध्ये बसला. तुम्ही धम्म घेण्याच्या आदल्या साली जन्मला म्हणून नाव पंढरी, घरात बुद्धाची तसबीर, सासू ख्रिस्ती आणि पोटासाठी पाणी वाटायचं. मला उदगीरला ओसरीच्या पायरीवर बसवून संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा असते, तर म्हणाले असते, या मुलाची पत्रिका मांडू नये, कागद वाया जाईल.

जिल्हा आणि पंचशीला एकाच वयाची. दोघांनाही अजून धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. तो आठवडा मला आठवतो. नव्या जिल्ह्याच्या आनंदात रस्त्याला दिव्यांच्या माळा होत्या आणि बाळंतपणात गेलेल्या माझ्या एस्तेरला आम्ही त्याच रस्त्याने घरी आणलं. तेव्हा तुम्ही बाळंतिणीची खोली सारवून घेतली होती. मी तेही तुम्हाला करू द्यायला नको होतं, असं काहीतरी मनात धरून बसले. का, ते विचारू नका. दुःखात माणूस शेणाच्या पाटीवरसुद्धा मालकी सांगतो.

संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन असतं. तेव्हापासून हे घर द्विवचनी आहे: एक दात पडत चाललेली आणि एक दात येत असलेली. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा शेजारची साखराबाई तिला बघते.

आमच्या मंडळीच्या मासिकात मी बायकांसाठी अर्धं पान लिहिते, हे एस्तेरने तुम्हाला सांगितलं असेल. घरातल्या गोष्टीत देवाचा धडा शोधायचा आणि शेवटी एक प्रार्थना जोडायची. दूध उतू गेलं की जागृतीचा धडा. ज्वारीत खडा निघाला की पापाचा. लेकरू हट्टाला पेटलं की आपण देवापुढे कसे, त्याचा. वर्षानुवर्षं मी माझ्या स्वयंपाकघरात देवाला बसू दिलं नाही. उलथनं दिसलं की त्याला कामाला लावलं. एस्तेर म्हणायची, “आई, एकदा तरी भाकरी नुसती करपू दे की.”

या महिन्याचं अर्धं पान मी पाठवलं नाही. धडा सापडला नाही असं नव्हे. जो सापडला तो छापता येण्यासारखा नाही, आणि तो तुमच्याशिवाय कोणाला सांगण्याचा मला हक्क नाही.

ती उठली. बाकीचं नंतर.

१६ एप्रिल

पुढे लिहायला बसले, की काहीतरी दुसरं काम आठवतं. काल मी डबेसुद्धा पुसले. आता लिहिते.

त्या दिवशी तुम्ही दारात पिशवी घेऊन उभ्या होतात. देगलूरवरून उभ्याने प्रवास करून आल्या होतात. मी तुम्हाला पाणी विचारलं नाही. लातूरमध्ये आता कोणी विचारत नाही, असं म्हणून मला सुटता येईल, पण कारण ते नव्हतं. तुम्ही म्हणालात, “ताई, पाऊस पडंपरयंत लेकरू माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. वस्तीतला पंप अजून चालून राहिला. शेळी दूध देती.” मी म्हणाले, “आणि तुमच्याकडे तिला प्रार्थना कोण शिकवणार?” तुम्ही पिशवी दुसऱ्या हातात घेतलीत. मग म्हणालात, “परारथना तुम्ही पत्रानं पाठवा. पाणी पत्रानं जात न्हाई.”

मी दार लावून घेतलं. विहीणबाई, पन्नाशीला आलेल्या शिक्षिकेला निरुत्तर केलंत याचा राग होता तो.

एस्तेर आणि पंढरीचं ठरलेलं होतं, की मूल मोठं होईल, समजून घेईल आणि आपला रस्ता आपण धरेल. ना बाप्तिस्मा, ना दीक्षा. मी मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं! मी मनात म्हणत होते, एकदा हातात येऊ दे.

मार्चअखेरीला टँकर चुकला. मागच्या विहिरीचं तळातलं पाणी मी दुहेरी फडक्यातून गाळलं. उकळलं नाही, रॉकेल संपलं होतं. गावात गॅस्ट्रो होता हे मला माहीत होतं. गुरुवारी तिला जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितलं, उकळलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून चमच्याने देत राहा. पंढरी जीपवर होता. निरोप कुठे पाठवायचा हेही कळेना.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार होता. तुम्हाला सांगते, त्या दुपारी आमच्याकडे तीन तास उपासना चालते. प्रभू वधस्तंभावर सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. महिनाभर आधी वाटणी होते. मला पाचवा दिला होता. पाचवा उद्गार तहानेचा आहे. मी तयारी चांगली केली होती. तहानेला संस्कृतात किती शब्द आहेत आणि त्यातला कोणता इथे शोभेल, इथपर्यंत. आमच्या ख्रिस्तमंदिराचे पाळकसाहेब म्हणाले होते, “बाई, यंदा दुष्काळ आहे, तुमचं भाषण लोकांना भिडेल.”

साखराबाई जाताना उकळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवून गेली. “मी पाळकांना सांगते, तुम्ही येत न्हाई म्हणून,” म्हणाली. गल्ली रिकामी झाली. सगळे मंदिरात.

पंचशीला मांडीवर होती. डोळे आत गेलेले. टाळू खोल गेली होती, बोट बसेल इतकी. ती रडत होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. मग तिने रडणंही सोडलं. मला वाटलं, ही चालली.

व्याहीबुवा, आता आवाज खाली आणू नका. विहीणबाईंना ऐकू गेलं पाहिजे.

मी वाटीत पाणी घेतलं. त्यात साखर-मीठ घातलं नाही. विसरले नव्हते. जीव जात असेल आणि पाळक येऊ शकत नसेल, तर घरच्या विश्वासणाऱ्याने बाप्तिस्मा दिला तरी तो खरा, असं मला लहानपणी शिकवलेलं आहे. एस्तेरला दिलेला शब्द, तुमचं घर, पंढरी, कोणीही त्या घटकेला माझ्या खोलीत नव्हतं. फक्त ती माझ्या देवाच्या हाती पडावी, एवढंच होतं. मी बोटं बुडवली. पित्याच्या नावाने, एवढं म्हणाले आणि हात कपाळाकडे नेला.

तिने मान वळवली आणि माझी बोटं तोंडात धरली. वासराने धरावीत तशी. त्या वाळलेल्या ओठांत एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. ओढत राहिली. बोटांवरचं पाणी संपलं तरी ओढत राहिली.

पुढची दोन नावं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं, माझ्या तोंडातून निघाली नाहीत.

मी वाटीत साखर घातली. मीठ घातलं. चमचा शोधायला उठायचं होतं, तर ती बोटं सोडेना. म्हणून बोटांनीच पाजलं. वाटी संपली, मग तांब्या. तिचं कपाळ कोरडं राहिलं. आजही कोरडं आहे.

यात माझा काही थोरपणा नाही, आणि तुमच्या धम्माचा मान राखला असंही समजू नका. ती तशीच गेली असती, तर देवाला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत नाही. बोटं तिच्या तोंडातून काढून घेतली असती, तर काय उत्तर द्यायचं तेही माहीत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त भीती वाटते. हा या महिन्याचा धडा. शेवटी जोडायला प्रार्थना नाही.

साखराबाई परत आली आणि रिक्षा घेऊन आम्ही सरकारी दवाखाना गाठला. डोक्याच्या शिरेतून सलाईन दिलं. पुनरुत्थानाचा रविवार तिथेच गेला. खाटेला खाट लागलेली, सगळी लेकरं एकाच आजाराची. साखराबाई मंदिराचं सांगत होती. पाचव्या उद्गाराला सवयीने माझंच नाव पुकारलं गेलं, कोणी उठलं नाही, तेव्हा पाळक म्हणाले, आपण गप्प बसू. “बाई, तुमचं भाषण लई चांगलं झालं असतं. पण गप्प बसलो ते बी चांगलं झालं. लेकरं पाणी मागून राहिली होती, तेवढंच ऐकू येत होतं.”

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर हिच्या अंगात झुंजायला काही उरलेलं नाही. पाऊस यायला अजून दीड-दोन महिने आहेत. टँकर कालही आला नाही. टँकर लावणारा जावई असून आला नाही, याचा मला खरं तर अभिमान वाटायला हवा.

तेव्हा आता जे लिहायला मी डबे पुसत बसले होते, ते लिहिते. त्या दिवशी ती तुमच्याबरोबर आली असती, तर आजारी पडली नसती. तुम्ही येऊन तिला घेऊन जा. पावसापर्यंत असं मी म्हणणार नाही. एकदा अंगाला लागलेलं लेकरू पावसाच्या तारखेला परत मागायचं, एवढी निर्दय मी होऊ शकेन, पण ते तिने का सोसावं? शाळेत जायच्या वयाची झाली की कुठे राहायचं ते पंढरी बघेल.

पंढरी म्हणतो, जीपमधून नेऊन सोडतो. नको. तुम्ही या. मी तुमच्या हातात देईन. या वेळी पाणीही विचारीन. साखराबाईकडून मागून आणलेलं असेल, पण विचारीन.

तिला डाव्या खांद्यावर झोप लागते. शेळीचं दूध आधी निम्मं पाणी घालून द्या, आणि तुमच्या पंपाचं असलं तरी उकळून. ताप आला तर मला तार करा. मी प्रार्थना करते, ती इथे बसून करीन. तिच्यासमोर कोणी करावी अशी माझी अट नाही. दर महिन्याला तिची उंची दोऱ्याने मोजून तो दोरा पाकिटात घालून पाठवा. झबली मी शिवीन. अंदाजाने शिवलेलं झबलं मला सहन होणार नाही.

आणखी एक. ती आता ‘म म’ करते. थोड्या दिवसांत शब्द फुटेल, तुमच्या ओसरीवर फुटेल. माझा जन्म लोकांचे उच्चार दुरुस्त करण्यात गेला, म्हणून सांगते. ती तुम्हाला आई म्हणाली, तर दुरुस्त करू नका. पंढरी ‘आजी म्हण’ म्हणेल, त्यालाही गप्प करा. जिच्यासाठी तो शब्द होता तिला तो ऐकायला मिळाला नाही. तुम्ही ओ द्या.

वाट बघते.

तुमची,
एस्तेरची आई,
सलोमी