अपालाचियन वाट, मुक्काम नाशिक

अहो,

नावानं हाक मारायची आपल्याकडे पद्धत नव्हती, तेव्हा पत्रातही 'अहो'च. बत्तीस वर्षं चाललं, आताही चालेल.

पत्र लिहायचं कारण, गेल्या रविवारी मी रामशेज गडाकडे गेले होते. एकटी, एस.टी.नं. तुमचं वर्षश्राद्ध झालं, मीनल सासरी नागपूरला परत गेली आणि मला घरात बसवेना. आशेवाडी फाट्यावर उतरले, चालत पायथ्याशी गेले, चंद्राबाईच्या टपरीवर चहाला टेकले. तिथे तिच्याकडून जे कळलं त्यावर तुमच्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुम्ही समोर नाही, म्हणून कागदावर भांडते.

पण भांडायच्या आधी मला एक कबूल करायचंय. सहा वर्षं पोटात ठेवलंय. त्यासाठी जरा मागून सुरुवात करते, ऐका.

आठवतं, तुम्ही रविवार कारंजाजवळच्या रद्दीवाल्याकडून परदेशी मासिकांचा पहिला गठ्ठा आणलात? मी म्हटलं होतं, घरात बसायला जागा नाही आणि हे काय आणलंत! तुम्ही पाटबंधारे खात्यात ट्रेसर. दुसऱ्यांनी आखलेले नकाशे दिवसभर ट्रेसिंग कापडावर उतरवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन परत नकाशेच बघायचे. त्या मासिकांत जगभरातल्या डोंगरवाटांची वर्णनं असायची. फोटो तुम्ही बघायचात, मजकूर मी वाचायचे. तुमचं इंग्रजी कार्यालयापुरतं, आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजीची बाई. शनिवारी रात्री जेवणं झाली की मी वाचत जायचे आणि तिथल्या तिथे मराठीत सांगत जायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. झोपलात की काय म्हणून मी थांबले, तर म्हणायचात, "पुढे काय झालं? नदी ओलांडली का त्यांनी?"

आणि मग तुमच्या डोक्यात ते खूळ शिरलं. आपल्याला तिकडे जायला कोण नेणार? पण अंतर तर अंतरच असतं, ते इथे चाललं तर काय बिघडलं? जगातली कुठलीही वाट घ्यायची, ती किती लांब आहे ते मी वाचून सांगायचं आणि दर रविवारी आपल्या डोंगरांत चालून तेवढं अंतर पुरं करायचं. वाट तुम्ही ट्रेसिंगवर काढायचात, आणि संध्याकाळी पाय शेकत शेकत जेवढं चाललो तेवढी लाल शाईनं भरायचात. खात्याच्या नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायचात. अर्धा किलोमीटरसुद्धा फुकट घेतला नाहीत कधी.

जमेल तितकी जागाही तशीच हवी, हा तुमचा हट्ट. पेरू देशातल्या त्या दगडी पायऱ्यांच्या वाटेसाठी हरिहर किल्ला. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा सलवार-कमीज घातली आणि कॉलनीतल्या बायका आठवडाभर त्यावरच बोलत होत्या. उभ्या पायऱ्यांवर माझे पाय लटपटायला लागले, तर तुम्ही खालून म्हणता, "खाली बघू नकोस, खाली पेरू आहे." अशा वेळी कोणी हसवतं का माणसाला? स्पेनमधल्या यात्रेकरूंच्या वाटेसाठी आपण ब्रह्मगिरीची फेरी किती वेळा केली त्याला गणती नाही. न्यूझीलंडमध्ये सारखा पाऊस असतो, म्हणून ऐन श्रावणात इगतपुरीच्या बाजूला भिजत फिरलो. नंतर चार दिवस मी तापानं फणफणले होते आणि तुम्ही काढा करून देताना म्हणालात, "न्यूझीलंड बाधलं तुला."

मग शहाण्णव साली अमेरिकेतली ती लांबलचक वाट आली. अपालाचियन. चौदा राज्यांतून जाते. मी वाचलं, "एकवीसशे साठ किलोमीटर." तुम्ही डोळे उघडलेत. "नक्की ना? चौदा राज्यं म्हणजे एवढ्यात कसं होईल?" मला राग आला. म्हटलं, "इंग्रजी कोण शिकवतं, तुम्ही का मी?" तुम्ही आकडा लिहून घेतलात. त्या मासिकातला नकाशा नुसता चित्रासारखा होता, खाली स्केल नव्हतं, नाहीतर तुम्ही मला तिथेच पकडलं असतंत.

चार वर्षं लागली आपल्याला. मनमाडला पॅसेंजरनं जाऊन अंकाई-टंकाई केलं, तिथे माकडानं माझ्या हातातलं थालीपीठ नेलं. चांदवडचा किल्ला, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधले रस्ते, आणि घरापासून जवळ म्हणून रामशेज तर दर महिन्याला. थंडी असो, ऊन असो. मीनलच्या लग्नाच्या गडबडीतसुद्धा आपण एक रविवार पळ काढला होता. तुमच्याशी माझं लग्न खरं तर त्या चार वर्षांत झालं, असं मला वाटतं. त्याआधी आपण नुसते एका घरात राहात होतो.

दोन हजार साली रामशेजवरच ती वाट संपली. घरी येऊन शेवटचं टोक लाल शाईनं भरलंत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलनीत पेढे वाटलेत. प्रत्येक दारात एकच वाक्य. "हिनं वाचलं म्हणून मी चाललो." ट्रेसिंगला फ्रेम केलीत. त्या पावसाळ्यात माझे गुडघे गेले आणि मी म्हटलं, आता पुरे. तुम्हीही म्हणालात, पुरे.

आता कबुली. पुढच्या वर्षी मीनल माहेरपणाला आली होती. तिला दाखवायला म्हणून मी तो अंक काढला आणि वाचता वाचता मला घाम फुटला. एकवीसशे साठ मैल लिहिलं होतं. मैल! अहो, स्वच्छ छापलं होतं. शाळेत मुलींना किलोमीटर, किलोमीटर करून जिभेला वळण पडलेलं, ते त्या शनिवारी तसंच बाहेर पडलं असणार. मी कागद घेऊन हिशेब केला. जवळजवळ पस्तीसशे किलोमीटर होतात. आपण चाललो एकवीसशे साठ. तेराशे पंधरा किलोमीटर बाकी होते आणि आपण पेढे वाटून बसलो होतो.

तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, तिथल्या तिथे. पण 'इंग्रजी कोण शिकवतं' हे माझंच वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. मी काय केलं माहितेय? तो अंक रद्दीत घालून टाकला. महिन्याभरानं तुम्ही कपाट उपसत विचारलंत, "अगं, तो अमेरिकेचा अंक कुठे गेला?" मी म्हटलं, "उंदरांनी खाल्ला असेल." तुम्ही "असेल" म्हणालात आणि चहा टाकायला गेलात. पाच वर्षं मी त्या फ्रेमवरची धूळ पुसत होते आणि तुमची फसवणूक करत होते. तुम्ही गेल्यावर मला सगळ्यात जास्त तेच खात होतं. माणूस गेलं ते माझ्या चुकीवर विश्वास ठेवून गेलं.

आता भांडण.

त्याच सुमारास तुम्ही रिटायर झालात आणि दर बुधवारी गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात जायला लागलात. घाट जवळ, पण सकाळी सातला गेलेला माणूस दुपारी बाराला यायचा. बूट धुळीनं भरलेले, शर्ट घामानं भिजलेला, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या. मी विचारायचे, "मेथी घ्यायला पाच तास?" तुम्ही म्हणायचात, "भाव करावा लागतो." शेजारच्या कुलकर्णी वहिनी म्हणायच्या, अशी कोवळी मेथी आम्हाला का नाही मिळत बाजारात? मीही त्यांना ऐटीत सांगायचे, आमच्या ह्यांना भाजीतलं कळतं. अँजिओप्लास्टी झाल्यावर तीन महिने तुमचा बाजार बंद होता. चौथ्या महिन्यात परत सुरू. मी किती बोलले तेव्हा! भाजी दारावर येते, तुम्हाला गर्दीत जायचं काय अडलंय? तुम्ही पिशवी उचलून निघायचात.

रविवारी चंद्राबाईनं मला ओळखलं. पदरानं बाकडं पुसलं, चहा दिला, आणि म्हणाली, "बाई, बाबा गेल्याचं कळलं. दर बुधवारी यायचे ना. फाट्यापासून हिकडं, मग गडाला वळसा घालून बांधाबांधानं. मी म्हणायचे, बाबा, एकलेच का? बाईंना का नाय आणत?"

मी विचारलं, "मग काय म्हणाले?"

"म्हणायचे, तिचे गुडघे लय दुखत्यात. आन् तिला सांगू नको हां, अजून वाट बाकी हाय. त्यांनी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात बघितलं म्हणे. बाईंनी वाचताना चुकवलंय, तिला कळलं तर जिवाला लावून घेईल. मेथी माझ्याच वावरातली न्यायचे."

चहा माझ्या हातातच गार झाला. चंद्राबाईला वाटलं, साखर कमी पडली.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! अंक कुठे गेला विचारलंत तेव्हाही माहीत होतं, नाही का? आणि मी उंदरांचं सांगत होते तेव्हा माझं तोंड बघत उभे होतात. का नाही बोललात? एवढी का मी नाजूक? एक दिवस रुसले असते, दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून तुमच्याबरोबर निघाले असते. तेच नको होतं तुम्हाला, हे कळतंय मला. तरी सांगते, चुकलात. माझी चूक होती, तिच्यासाठी तुम्ही छातीत स्प्रिंग घालून उन्हात एकटे हिंडलात, आणि मी घरात मेथी निवडत तुमच्यावर कुरकुरत बसले. तुमच्याबरोबरचे पाच वर्षांचे बुधवार मला मिळायचे राहिले. त्याचा राग आहे मला, आणि तो जाईल असं वाटत नाही.

पण एक ओझं उतरलं. तुम्ही फसून गेला नाहीत. रविवारी परतीच्या एस.टी.त मी रडले, आणि खरं सांगू, बरं वाटलं.

सोमवारी कुलकर्णी वहिनींना सगळं सांगितलं. मग मीनलला फोन केला. 'इंग्रजीच्या बाईंनी मैलाचे किलोमीटर वाचले' हे दोघींना ऐकवलं. मीनल आधी हसली आणि मग तिनं मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

चंद्राबाईला मी विचारलं होतं, किती राहिलं म्हणाले? ती म्हणाली, "शेवटचे आले ते दिवाळीच्या आधी. आता थोडंच राह्यलंय म्हणले. मग आलेच नाय." तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही दुपारचे झोपलात ते उठला नाहीत, हे तिला मी सांगितलं.

थोडंच म्हणजे किती? घरी येऊन फ्रेम उघडली, ट्रेसिंगच्या पाठीमागे बघितलं. तुमच्या सगळ्या डायऱ्या चाळल्या. गॅसचा सिलिंडर कधी लावला तेही लिहून ठेवणारे तुम्ही, आणि याची एक ओळ नाही. मी डायऱ्या वाचते हे तुम्हाला ठाऊक होतं ना!

तेव्हा आता माझं ऐका. परवाच्या बुधवारी मी सुरुवात केली. आशेवाडी फाटा ते चंद्राबाईचं वावर, जाऊन-येऊन चार किलोमीटर. चढ नाही, डॉक्टरांना विचारलंय. काठी घेतली आहे, ती आवडत नाही, पण घेतली आहे. या हिशेबानं मला सहा-सात वर्षं लागतील. लागू देत.

तुम्ही कुठवर पोचला होतात ते मला कधीच कळणार नाही. म्हणून मी पूर्ण तेराशे पंधरा चालणार आहे, तुमचेही त्यात धरून. कुठल्या तरी बुधवारी, कुठल्या तरी बांधावर, तुम्ही जिथे थांबलात तिथे माझं पाऊल पडेल आणि त्याच्यापुढे मी तुमच्याशिवाय चालत असेन. ती जागा कुठली हे मला समजणार नाही. तेव्हा कबूल करते, त्या वाटेवर मी कुठेच भराभर चालणार नाही.

तुमची,
सुमन