खोक्यातली दोन पिल्लं

प्रिय ताई,

आम्ही दोघं बरे आहोत, हे आधी वाच आणि मग पुढचं. फोनवर माझा आवाज ऐकून तू घाबरली असतीस, म्हणून कोंबड्यांच्या खाद्याच्या गाडीवाल्याकडे फाटकावरूनच पत्र देतेय. संध्याकाळपर्यंत तुला मिळेल.

भोपळे चांगले लागलेत. न्हाणीतला नळ ह्यांनी शेवटी दुरुस्त केला एकदाचा. तुझे गुडघे कसे आहेत?

कोंबड्यांचं म्हणशील तर, गेल्या आठवड्यात पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन बसायला लागली. गोळा झाली की थंडी, पांगली की उकाडा, एवढंच मला कळतं. मी दिवा आणखी खाली घेतला. थंडी नव्हती गं ती. सोमवारपासून रोज पाटीभर मेलेली उचलतेय. डॉक्टर तोंड बांधून आले, नमुने घेऊन गेले. जाताना म्हणाले, जपा, कधीकधी माणसालाही होतं. ह्यांना जरा कणकण आहे. दमले असतील.

माझ्या लेकीला तुझ्याकडे करमेना, म्हणून मी खोक्यात घालून दोन पिल्लं पाठवली होती ना, ती ह्याच लॉटमधली.

ती त्यांना उशाशी घेऊन झोपते का? तिला रागावू नकोस, पण पिल्लं आत्ताच्या आत्ता बाहेर ठेव. तिचे हात साबणाने धू, तुझेही.

खरं सांगू, सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तूच कर. पण तू बोलू नकोस, आधी तिला बोलू दे.

तुझीच,
धाकटी