पांढऱ्या दोऱ्याचा कागद

प्रिय अपेक्षा,

अख्ख्या इस्पितळाची माहिती सांभाळायची व्यवस्था म्हणे तू लावून देतेस. गेल्या रविवारी आलीस आणि चष्मा, छत्री आणि एक मोजा इथे धायरीत सोडून हिंजवडीला परत गेलीस. मोजा एकच कसा विसरता येतो, याचा मी अजून विचार करते आहे. पत्र शेजारची सुरय्या लिहून घेते आहे, आणि फोटो काढून तुझ्या फोनवर तीच पाठवेल. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय तिने, तेव्हा कुठे फार शुद्ध वाटलं तर तो दोष तिचा. फोन केला असता, पण तू लगेच 'आजी, मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस, आणि हे सांगताना मला मध्येच कुणी तोडलेलं चालणार नाही.

सोमवारी तुला साहेबांपुढे उभं राहून सांगायचंय, कागद सांभाळायच्या दोन पद्धतींतली कुठली घ्यायची. ते ठरलं की आमच्या डॉक्टरीणबाईंच्या नारायण पेठेतल्या बाळंतपणाच्या दवाखान्यातले, मी सांभाळलेले सगळे जुने कागद, जे त्या मोठ्या इस्पितळाने इमारतीसकट घेतले, तुमच्या संगणकात जाणार. म्हणून ही घाई. तू मला ते रकाने दाखवलेस. एका फ्रेमवर्कमध्ये सगळ्या किल्ल्या वरच्या कमिटीकडे, दुसऱ्यात ज्याच्या त्याच्या विभागाला आपापला राखणदार. मालक कोण, बघणार कोण, किती वर्षांनी फाडायचं, सगळं होतं. मी विचारलं, जिच्याबद्दल लिहिलंय तिचा रकाना कुठाय? तू हसलीस. म्हणालीस, 'अगं, फॉर्मवर सही घेतात ना, झालं!' मीही हसले. पण त्या रात्रीपासून जेवण गोड लागत नाही.

आमचं फ्रेमवर्क म्हणजे एक लोखंडी कपाट आणि मी. माझ्याआधी कपाटावर दोघी होत्या, चांगल्या सातवी पास. कुणाच्या कागदात काय आहे ते सगळं नळावर वाचून दाखवायच्या. बाईंनी दोघींना घरी बसवलं आणि मला विचारलं, 'गोदाबाई, तुम्हाला वाचता येत नाही ना? नक्की?' मी म्हणाले, शपथेवर. मग किल्ली माझ्या कमरेला आली. अडाणीपणावर मिळालेली अशी नोकरी पुण्यात दुसरी झाली नसेल. कागद ओळखायला मी दोरे बांधायची. दिवस गेलेल्यांना पिवळा, बाळंत होऊन सुटलेल्यांना लाल, आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्यांना पांढरा. नावाऐवजी कोपऱ्यात एकेक चित्र काढायची. दुपारी बाई लुनावरून जेवायला घरी गेल्या की पायरीवर बसून मी दोरे गुंडाळायची. आतून शेपाओव्याच्या धुरीचा वास यायचा, एखादं बाळ रडायचं, दुसरं त्याला साथ द्यायचं. मला वाटायचं, सगळी पेठ माझ्या कपाटात सुखरूप झोपली आहे. बाईंचा नियम एकच. कागद जिचा, तिच्याच हातात. नवरा आला तरी 'बायकोला घेऊन या' म्हटलं, की तो चालता.

मथुरा नावाची एक होती. वीस-बावीसची, हसरी, तोंडाला खंड नाही. एकदा तिचा नवरा मला भाजीच्या गाड्यापाशी भेटला. 'मावशी, कागद नको मला. दोरा कुठला ते सांगा फक्त.' मी मनाशी म्हटलं, दोऱ्यात काय आहे? अक्षर मला कळत नाही, यालाही दिसणार नाही. पांढरा, म्हणाले, आणि मेथीची जुडी घेऊन घरी आले. पांढरा म्हणजे मूल न होणारी, एवढं त्याला पुरलं. महिन्याभरात तिची ट्रंक माहेरी, लोणी काळभोरला. दोष तिचा, त्याचा की कुणाचाच नाही, हे त्या कागदात होतं. तो त्याने वाचला नाही, मला वाचता येत नव्हता, आणि तिला तो परत मागायला कुणी पाठवलं नाही. बाईंनी मला विचारलं, 'गोदाबाई, बाहेर कसं गेलं?' मी म्हणाले, 'बाई, मला वाचता कुठे येतं!' खोटं नव्हतं गं ते. म्हणून तर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तू इतक्यांदा पाटी घेऊन माझ्यापुढे बसलीस आणि मी तुला पिटाळलं. शिकले असते तर हे उत्तरही हातचं गेलं असतं.

परवा गुरुवारी, भजनाला जाते असं तुझ्या बाबांना सांगून, मी लोणी काळभोरला जाऊन आले. मथुराबाई भाच्याच्या रोपवाटिकेत गुलाबाला कलम बांधत होती. मी म्हटलं, दोरा मी सांगितला होता. ती कलम बांधतच राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे मी चाळीस वर्षं डॉक्टरीणबाईंना शिव्या दिल्या त्या फुकट गेल्या. आता तुमच्या वाटच्या द्यायला दम कुठून आणू?' चहा विचारला नाही. मीही वाट बघितली नाही. निघताना विचारलं, नातीला कळवू का, आणि लिहून घेणारीलाही कळेल, चालेल का? म्हणाली, 'कळवा. पण माझा कागद मशीनमध्ये जायच्या आधी माझ्या हातात द्यायचा. आत काय आहे ते मी वाचेन. मग ठेवायचा की फाडायचा ते मीच सांगेन.' हे पत्र एवढ्यासाठीच. कुठली पद्धत चांगली ते तू जाण, मला त्यातलं कळत नाही. पण सोमवारी बोलायला उभी राहशील तेव्हा तो राहिलेला रकाना मागून घे. कागदाला पांढरा दोरा आहे, कोपऱ्यात पोपट. लपवून आणू नकोस, रीतसर अर्ज करून काढ आणि लोणीला स्वतः जा. बाबांना हे सगळं मी माझ्या तोंडाने सांगेन. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पेढे नकोत, बर्फी नको, डिंकाचे लाडू तर मुळीच नकोत. तिच्या दारात बाळंतपणाचं काही न्यायचं नाही. भाजणीच्या चकल्या ने. जरा खुसखुशीत बघून घे, दात तिचेही माझ्यासारखेच झालेत.

तुझीच,
आजी
(अंगठा माझा, शाई सुरय्याची)