वेबरबाईंची भावकी

पौष, सन १९४२

प्रिय वेबरबाई,

पत्राच्या माथ्यावर श्री नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. श्री काढल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही, हे आबांनी आपल्या दोघींना एकाच दिवशी सांगितलं होतं. मी विसरलेले नाही. का ते सांगते, पण आधी दुसरं सांगू द्या. हे पत्र तुमच्याआधी, तुम्हाला कैदेत ठेवलंय त्या किल्ल्यावरचे कुणी साहेब वाचतील म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. यात लढाईचं काही नाही, एवढं त्यांना आताच कळलेलं बरं. मी सध्या माहेरी आहे. दोन ओळी लिहिते आणि उठते. दारात कुणी आलं की पाहून येते, पुन्हा बसते, आधीचं वाचते, आणि एखादा शब्द कुणाला वावगा वाटेल का या विचारानं टाक तसाच हातात राहतो.

तुमच्या दवाखान्याला कुलूपच आहे. तरी बाजाराच्या दिवशी बायका ओट्यावर येऊन टेकतात, पोराला पाजतात, भाकरी खातात आणि जातात. तांड्यावरची मोतीबाई भेटली होती. तिचं लेकरू पायाळू होतं आणि तुम्ही अख्खी रात्र तिच्यापाशी बसला होता, ते आता लुटुलुटु चालतं. त्याचं नाव त्यांनी काय ठेवलं ठाऊक आहे? येबरसिंग. मी म्हटलं, अगं, ते बाईंचं आडनाव आहे, पोराचं नाव कसं होईल? ती म्हणाली, नाव चांगल्या माणसाचं हाय ना, मग झालं. तेव्हा जगात आणखी एक वेबर वाढला. तुम्ही ओसरीवर सांगायच्या त्या मोठ्या वेबरांच्या रांगेत हा शेवटचा, शेंबडा आणि उघडा.

ती रांग मला तोंडपाठ आहे. तुम्ही हिंगोलीहून टांग्यानं यायच्या, औषधाची पेटी आमच्या ओसरीवर उघडायच्या, आणि रोगी संपले की आबा धुळपाटी पुढं ओढायचे. एका बाजूला मी नऊ वर्षांची, दुसऱ्या बाजूला तुम्ही, गुडघे दुमडता येत नाहीत म्हणून पाटावर बसलेल्या. तुमचा ळ कधी जमला नाही. आबा म्हणायचे, बाई, तुमच्या मुलखात ळ न्हाई तर तुमी बाळाला काय म्हनता? एकदा त्यांनी तुमचं कूळ विचारलं. तुम्ही हसून सांगितलं की वेबर म्हणजे विणकर, आमच्याकडे गावोगावी असतात, त्यांतले काही फार मोठे झाले. एक नाटकांना संगीत देणारे, त्यांना जाऊन शंभर वर्षं होऊन गेली. एक विज्ञानाचे पंडित, ज्यांनी आपल्या सोबत्याबरोबर गावाच्या छपरांवरून तार नेली आणि तिच्यातून निरोप धाडला. आणि त्या पंडितांचे सख्खे थोरले भाऊ, ज्यांनी माणसाच्या कातडीला काय कळतं आणि काय कळत नाही याचा शोध घेतला. तो शोध तुम्ही माझ्यावरच करून दाखवला होता. बाभळीचे दोन काटे जवळजवळ धरून माझ्या पाठीला हलकेच टेकवले आणि विचारलं, किती? मी डोळे मिटून म्हटलं, एक. तेच दोन काटे बोटाच्या टोकाला लावले तर दोन. आबांनी सदरा काढून स्वतःच्या पाठीवरही करून घेतलं, आणि त्यांनाही एकच वाटला. मग तुम्ही स्पष्ट सांगितलंत की यांतलं माझं कुणी नाही, नाव तेवढं एक. आबांना ते पटलं नाही. ते म्हणाले, कोष्टी असले तरी भावकी ती भावकी, दूरची आसंल.

म्हणून तर तो कडू घास झाला. मद्रासकडचे कुणी पाद्री वेबर वारल्याची बातमी तुमच्या मिशनच्या कागदात आली आणि शिपायाकडून आमच्या गावी पोचली. आबांनी ऐकलं आणि मायला पिठलं-भाकरी करायला लावली. दुखवट्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, कुणीतरी बाहेरून रांधून न्यायचं आणि आपल्या हातानं पहिला घास भरवायचा, ही आमची रीत. गाडी जुंपून आम्ही हिंगोलीला आलो. वाटेत तुम्ही सांगितलेलं मला आठवत होतं, की तुमचं त्यांच्यापैकी कुणी नाही, आणि मला वाटत होतं की तुम्ही हसाल आणि आबा खाली पाहतील. तुम्ही हसला नाहीत. टोपलं पाहिलंत, आबांच्या हातातला घास घेतलात, आणि खाता खाता तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माय तुमच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पाद्री वेबर कोण हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं, हे तुम्ही मला फार मागून सांगितलंत. तुमचे वडील गेल्याचं पत्र तुम्हाला पावसाळ्यात आलं होतं, दोन महिने उशिरा. ते वाचून तुम्ही घडी घालून ठेवलंत आणि दवाखाना उघडलात, कारण बाहेर माणसं बसली होती. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. त्या दिवशी तुम्ही खाल्लेला घास वडिलांचा होता. मी हे घरी आल्यावर आबांना सांगितलं. ते म्हणाले, तरी म्या म्हनत होतो, सुतक व्हतं.

आता जे सांगते ते तुम्हाला ठाऊक नाही. लढाई सुरू झाली तेव्हा पोलिसांचे अमीनसाहेब आमच्या चावडीवर तुमची चौकशी करायला आले होते. बाई कशी आहे, कुणाची आहे, एवढंच विचारलं. आता आमच्याकडे कुणी परक्या मुलीची चौकशी करायला आलं, की तिच्याबद्दल चांगलं बोलायची एकच तऱ्हा असते. सोयरिकीत करतात तशी. मुलगी कशी हे सांगायचं नाही, तिचं कूळ सांगायचं. आबांनी पटका नीट केला आणि तुमचं कूळ सांगितलं. भावकी लई मोठी हाय साहेब. एक राजदरबारी गाणं बसवनारा. एक मोठा हकीम. आन एक तर असा, की गावावरून तार लावून निरोप धाडतो, घोडं न्हाई का मानूस न्हाई. अमीनसाहेबांनी तोवर काही लिहिलं नव्हतं. तारेचं ऐकल्यावर कारकुनाला म्हणाले, ये लिखो. आबांना वाटलं, तुमचा मान वाढला. घरी येऊन त्यांनी मायला चहा करायला लावला. आठवड्यातच तुम्हाला हिंगोलीहून आगगाडीत बसवून नेलं. आम्ही स्टेशनवर आलो तेव्हा गाडी पूर्णेकडे निघाली होती आणि टांगेवाला तुमची सतरंजी घेऊन फलाटावर तसाच उभा होता.

त्या तारेच्या वेबरांना जाऊनसुद्धा पन्नास वर्षं झालीत, हे मिशनच्या वकिलांनी आबांना मागून समजावलं. तुम्हाला नेण्याला तेवढंच कारण नसेल, तुमच्या देशाच्या पुष्कळांना नेलं, असंही ते म्हणाले. पण चावडीवरचं बयान कागदांत होतं, आणि जर्मनांच्या चौकशा पुन्हा होणार होत्या. वकिलांचं म्हणणं, आबांनी परभणीच्या कचेरीत जाऊन एवढंच सांगावं की या बाईचं तिकडं कुणी नाही. आबा ऐकेनात. घरात फार कटकट झाली. संतरामदादा म्हणाला, तुमच्या एका शब्दानं बाई सुटत असंल तर काहून अडून बसता? माय जेवायची थांबली. मीही रडून पाहिलं. आबा म्हणाले, जिचं कुनी न्हाई असं आपुन बेवारस मुडद्याला म्हनतो. त्या बाईनं तुझ्या मायला दोनदा मरनातून काढलं. तिला म्या भर कचेरीत बेवारस म्हनू? मला तेव्हा त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं ते टाळतात आणि त्याला मान म्हणतात, असं वाटलं होतं.

तरी ते गेले. दादा सोबत होता, त्यानं जसं सांगितलं तसं लिहिते. साहेबांनी विचारलं, या औरतीचं जर्मनीत कोण आहे? आबा म्हणाले, "लिवा साहेब. तिकडं तिची कुनीबी भावकी न्हाई. तिची भावकी हितं हाय. ती माझी धाकटी बहीन, कुवार हाय, आन मी तिचा थोरला भाऊ." साहेब हसले, कारकून हसला. साहेब म्हणाले, उकंडराव, बयान है, मजाक नहीं. आबा म्हणाले, "मी म्हाताऱ्या तोंडानं मजाक करत न्हाई. इस्वास नसंल तर अंगठा नको, सही घ्या. मला लिवता येतं." आणि त्यांनी सही केली. वकील कपाळाला हात लावून बाहेर आले. पण पुढच्या महिन्यात तुम्हाला त्या काटेरी कुंपणाच्या छावणीतून काढून किल्ल्यावर ठेवलं, जिथं संध्याकाळी फिरू देतात असं तुम्ही लिहिलं होतंत. ते आबांच्या सहीमुळं की आणखी कशामुळं, कुणाला ठाऊक. आबांनी मात्र घरी आल्यावर भावकीतल्या चौघांना बोलावून सांगितलं, अशी अशी एक बहीण वाढली आहे, धरून चाला. कुणी हसलं, कुणी म्हणालं म्हाताऱ्याला चळ लागला. किसनकाका म्हणाले, बहीन मिळाली ते ठीक, साडीचोळी कोन पोचवनार किल्ल्यावर? त्यावर आबाही हसले. पण बोललेलं मागं घेतलं नाही.

हुरडा सुरू झाला तेव्हा आबांच्या छातीत कफ धरला. शेतात रात्री राखणीला राहिले होते. हिंगोलीला न्यायचं ठरलं, पण नेऊन कुणाला दाखवायचं यावर दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडी जुंपलीच नाही. ओवा शेकला, हळद-दूध दिलं. मी सासरहून आले तेव्हापासूनच त्यांना धाप लागत होती. मी त्यांची पाठ चोळत बसले होते, तर आबा म्हणाले, किती बोटं टेकवली? मी दोन टेकवली होती. त्यांना एकच कळत होतं. मग म्हणाले, भावकीला कळवता तसं बाईंना कळवा. दादा तेव्हा हो म्हणाला आणि नंतर भ्याला. दुश्मनाच्या बाईला पत्र, तेही सरकार फोडणार, पुन्हा चावडीवर अमीन येतील. माझंही मन मागं-पुढं होत राहिलं. कारण खरं सांगते, मला आणखी एक गोष्ट लागली होती. मी लग्न झालेली लेक, बापाचं सुतक मला तीनच दिवस. परवाच संपलं. कुवार बहिणीला पुरे दहा. मी इथं त्यांच्या उशाशी होते आणि माझं फिटलं, आणि तुम्हाला अजून ठाऊकसुद्धा नाही. काल मायनं मला टाक-दऊत आणून दिली आणि म्हणाली, लिव, तिला पुन्हा दोन महिन्यानं कळायला नको.

म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच माथ्यावर श्री नाही. याचा कोपरा साहेबांनी फाडलेला नाही, मीच फाडला आहे. आत्या, तुझा थोरला भाऊ गेला. पौष वद्य पंचमीला, दिवस उगवताना. हे वाचलंस की डोक्यावरून पाणी घे. दहाव्याच्या आत मिळालं तर उरलेले दिवस धर, उशिरा मिळालं तर तीन दिवस धर, तेवढं पुरतं असं किसनकाकांनी विचारून सांगितलं आहे. त्यांनीच, जे साडीचोळीवरून हसले होते. त्या दिवशी चूल पेटवू नकोस. किल्ल्यावर तुझ्या शेजारी जी कुणी बाई असेल तिला सांग, ती जर्मन असो की कुणी असो, की माझ्या घरी असं झालं आहे, मला घासभर रांधून दे. तिला रीत ठाऊक नसेल, तर पहिला घास तिनं आपल्या हातानं द्यायचा, एवढं समजावून सांग. इथं दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळी भावकी नदीवर थांबेल. दादा म्हणाला आहे की तुझं नाव घेऊ. वाचून झालं की पत्र फाडून टाक, घरात ठेवू नये. तिथंही रोगी पाहत असशील, तर दवाखाना त्या दिवशी उघडू नकोस.

तुझीच भाची,
गोजर