डाव्या मुठीचा आगाऊपणा

१ मार्च
उजव्या मुठीतून रांगोळीची पांढरी रेष सोडत होते, तर डावी मूठही उघडली! लाल रंग धप्पकन रेषेवर. गॅलरीत सराव चालला होता म्हणून बरं. मी दोन्ही मुठी भरून बसते – उजवीत पांढरं, डावीत रंग – सारखं उठायला नको. सगळ्यांना शिकवलेली हीच युक्ती. आता तीच अंगाशी आली.

४ मार्च
ठाकुर्लीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे. बोटं आपटायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं. सत्तरीची निवृत्त चित्रकला शिक्षिका – नाक सापडलं.

"आजी, एकदम तंदुरुस्त. उजवा हात हलवायला तरुणपणी मेंदूची डावी बाजू पुरते. वय झालं की दुसरी बाजूही मदतीला धावते. मग दुसरा हातही हलतो."

म्हणजे आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखंच. काम एकाचं, लुडबुड सगळ्यांची. आजार असता तर गोळी तरी मिळाली असती.

७ मार्च
पाडव्याच्या स्वागतयात्रेची मीटिंग. चौकातल्या रांगोळीचं मधलं मोठं वर्तुळ पहिल्या वर्षापासून माझं – खडू-दोरी न लावता, एका दमात. कार्यवाह स्वानंद गोड हसला. "मालनताई, यंदा तुम्ही मार्गदर्शन करा ना. वर्तुळ करिश्मा काढेल."

मार्गदर्शक म्हणजे खुर्ची आणि कोकम सरबत.

करिश्मा चोवीस वर्षांची, हात यंत्रासारखा. "ताई, तुम्ही चिल करा ना." मी म्हटलं, वर्तुळ माझं, नाहीतर मी घरी. शेवटी स्वानंदने वर्तुळापुढे माझंच नाव लिहिलं.

घरी येऊन मीच घाबरले. ते वर्तुळ गेलं की मी नुसती एक म्हातारी उरते.

१२ मार्च
डावा हात पदराने कमरेला बांधून सराव. शेजारची तुळसा डोकावली – "अगं, हात मोडला की काय?" उत्तर द्यायला गेले तर रेष जागच्या जागी थांबली. बोलणं आणि रेष, मेंदूला एका वेळी एकच झेपतं. वर्गावर ओरडत ओरडत फळ्यावर मोर काढणारी बाई मी! तुळसाला घालवून दिलं. रागावली असेल.

१५ मार्च
आज रेष बरी आली. तुळसा बोलत नाही, त्यामुळे शांतता आहे.

१८ मार्च
उद्या पाडवा, आज संध्याकाळी चौकात वर्तुळ काढलं. डावी मूठ रिकामी, पदरात खोचलेली. कुणाशी अवाक्षर नाही. तरी रेष थरथरली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. उभी राहून बघितली आणि रडूच आलं. स्वानंद म्हणतो, "वा ताई, मानलं!" त्याला रेष आणि रस्त्याचा पट्टा यातला फरक कळत नाही. करिश्मा मात्र जवळ आली. वाकून बघत राहिली. तिला दिसलं असणारच.

पुढच्या वर्षी खुर्ची.

२३ मार्च
करिश्मा आली होती. मोबाइलवर माझ्या वर्तुळाचा फोटो. "ताई, ही हलती रेष शिकवा ना. जिवंत वाटते. पाडव्यापासून ट्राय करतेय, माझी सरळच येते." रडवेली झाली होती बिचारी. घाई करू नकोस म्हटलं, आपोआप येईल.