कामगार : एक

मंगळवार, १८ जून

प्रिय आत्या,

नमस्कार. मी नीट पोहोचले, नीट जेवते आहे, आणि तू बळेच पिशवीत कोंबलेला स्वेटर अजून घडीतच आहे, कारण इथे उकडतंय. बाबांना सांग, मुलाखत झाली. आईला सांग, नवे बूट चावले, पण फार नाही. बाकीचं पत्र मात्र तुझ्यासाठी आहे. मोठ्याने वाचू नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘बरं’ म्हणतेस आणि ठेवून देतेस.

मी गोगलगायीकडे उतरले आहे. माझी कॉलेजातली मैत्रीण, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायची ती. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी बरी, खुर्ची प्लॅस्टिकची. मला आता कुठेही गेलं की आधी खुर्च्याच दिसतात. काल एका हॉटेलात वेताची दिसली, तर मी ती उलटी करून खालून बघितली. वेटरने विचारलं, काही पडलंय का? काय सांगणार त्याला?

मुलाखतीला आम्ही अकरा जण एका लांब बाकावर बसलो होतो. डावीकडच्या मुलीचा मेणबत्त्यांचा उद्योग, उजवीकडचा मुलगा लोकांची कुत्री फिरवून आणणाऱ्या कंपनीचा संस्थापक. सगळे मालक. एकाच बाकावर इतके मालक मी पहिल्यांदाच पाहिले. आणि त्यांच्यात मीही होते, हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं.

राहून गेलं नव्हतं. टाळलं होतं.

गेल्या वर्षी गोगलगायीनेच सांगितलं होतं, की इथल्या मॅनेजमेंट कॉलेजच्या प्रवेशअर्जात तिसरं पान असतं : शिकताना स्वतः चालवलेला उद्योग. माझं पान कोरं राहणार म्हणून मी लायब्ररीच्या मोडक्या वेताच्या खुर्च्या विणून द्यायचं डोक्यात घेतलं आणि तुझ्या दुकानात आले. तू म्हणालीस, “अर्जासाठी का होईना, खुर्च्या तर येतील.” चौतीस आल्या. ग्रंथपालांच्या मागे लागून त्या भंगारात जाण्यापासून मी वाचवल्या, हातगाडी ठरवली, पावत्या लिहिल्या, दुकानाबाहेर पाटी रंगवली. तू मला वेत किती वेळ भिजवायचा ते शिकवलंस, उभे आणि आडवे फेरे शिकवलेस. तिरके फेरे तीनदा उसवायला लावलेस. कोपऱ्यांना तर हातच लावू दिला नाहीस.

अर्जावर मी लिहिलं : मालक, मी. कामगार, एक.

त्याखाली दोन पानांचा निबंध होता, कारागिराला मान का मिळायला हवा यावर. फार मनापासून लिहिला होता गं. तुझ्या बोटांवरच्या चिरा त्यात आहेत, वेत पक्का करायची खुंटी दातात धरून बोलायची तुझी सवय आहे. नाव तेवढं कुठेच नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझ्या हे लक्षातही आलं नाही.

तर, आत गेले. समोर तिघं होते. मधल्या बाईंनी फाइलीतून एक कागद काढला आणि म्हणाल्या, “तुमच्या हाताखाली काम केलेल्या व्यक्तीला आम्ही एक फॉर्म पाठवतो. तुमच्या कामगाराने तो भरून पाठवलाय.” लांबूनच मी अक्षर ओळखलं. एकेक अक्षर सुटं, भोकात खुंटी ठोकावी तसं.

पत्ता मीच दिला होता दुकानाचा. कोण कशाला पाठवतंय, असं वाटलं होतं.

बाई वाचायला लागल्या. मालकीणबाई शांत स्वभावाच्या आहेत. आवाज चढवत नाहीत. कामावर वेळेवर येतात. आत्या, आदल्याच आठवड्यात उशीर झाला म्हणून तू मला ओला वेत फेकून मारला होतास. शेवटचा प्रश्न होता, यांच्या हाताखाली पुन्हा काम कराल का? तुझं उत्तर : हो, पण मालकीणबाईंनी आधी कोपरे शिकून घ्यावेत.

तिघंही हसले. मीही हसले. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. गप्प बसले असते तर जागा माझीच होती, असं गोगलगाय म्हणते आणि ते खरं असावं.

पण मला तारीख दिसली. नऊ मे. म्हणजे तो फॉर्म आल्यावर महिनाभर आपण समोरासमोर बसून विणत होतो. एकच बादली, एकच कात्री. तू एक शब्द बोलली नाहीस, आणि मला वाटत होतं की लपवते आहे ती मी.

मग टायवाल्या गृहस्थांनी सहज विचारलं, नातेवाईक नाहीत ना या? नातेवाइकांचा फॉर्म चालत नाही. बाईंनी कागद बघितला. “नातं : काही नाही, असं लिहिलंय.”

तिथे मला गप्प बसवेना.

“ती माझी आत्या आहे,” मी म्हणाले. “दुकान तिचं आहे. मी तिच्याकडे शिकते.”

“म्हणजे हे सगळं खोटं?”

“कोपऱ्यांचं सोडून सगळं.”

टायवाल्यांनी पेन खाली ठेवलं. बाईंनी विचारलं, मग तुम्ही केलंत काय? मी सांगितलं, जेवढं केलं तेवढंच : खुर्च्या, हातगाडी, पावत्या, उभे-आडवे फेरे. पाठ केलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे, पण पहिल्यांदाच मला अडखळायला झालं नाही. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला, मी माझ्या हाताने तिसऱ्या पानावर काट मारली. त्या पानाचे गुण गेले.

आज यादी लागली. मी प्रतीक्षायादीत पाचवी आहे. गोगलगाय मला अख्खा जिना उतरेपर्यंत मूर्ख म्हणत होती, मग तिनेच मला आइस्क्रीम खाऊ घातलं. वरचे काही गळतील, ती म्हणते. गळोत किंवा न गळोत, मला विशेष वाईट वाटत नाहीये. भूक चांगली लागते आहे.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. तू सही करून दिलेला फॉर्म मी परक्या लोकांसमोर खोटा ठरवला. रागावली असशील तर गुरुवारी गाडीतून उतरल्यावर घालूनपाडून बोल, मी ऐकून घेईन. ‘मालकीणबाई’ म्हणून टोमणे मारलेस तरी चालेल, पण बाबांसमोर नको.

मात्र एक विचारायचंय. बाकीचा फॉर्म तू मजेत भरला असशील, माहीत आहे मला. शांत स्वभावाच्या वगैरे लिहिताना तोंड दाबून हसली असशील. पण त्या एका ओळीवर ‘काही नाही’ लिहिताना तुझा हात थांबला होता का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मला जागा मिळावी म्हणून तू मलाच परकी केलंस, आणि नेहमीसारखी वेत भिजवायला उठून गेलीस.

यापुढे कुठल्याही कागदावर ती ओळ आली, तर ती मी भरणार.

तुझी सख्खी, एकुलती एक
भाची